जनूदादांच्या मिक्सरवर मी

जनूदादा भोईर कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवतात. मग मान तिरकी करून ती टाळी छतात कुठे विरते ते ऐकतात. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, फरक नाही. आमच्या बिल्डिंगमधले शहाकाका वारले तेव्हा दादा भेटायला आले, दारातच टाळी वाजवली आणि रडणाऱ्या घराला म्हणाले, "बहुत गूंजता है. मोटा पडदा लगाव." शहाकाकूंचं रडणं दोन मिनिटं थांबलं होतं.

दादांचा गोडदेव गावात साउंडचा धंदा आहे. भजन, हळद, ऑर्केस्ट्रा, तीस वर्षं तेच. माणसाची पारख ते तो माइकपुढे कसा उभा राहतो यावरून करतात, आणि त्या परीक्षेत आजवर कुणी पास झालेलं नाही. माइकवर फुंकर मारणाऱ्याला लांबूनच ओरडतात, "चूल हाय का ती?" कोणी वायर कोपरावर गुंडाळून आतून पिळली तर त्याच्याशी आठवडाभर बोलत नाहीत. मिक्सरवर पांढरी पट्टी चिकटवून कुठला चॅनल कुणाचा ते लिहायचं असतं. दादा नावं लिहीत नाहीत, स्वभाव लिहितात. तबलजीच्या खाली 'घाईत'. निवेदकाच्या खाली 'थुंकी'. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी एकदा भाषणाआधी ती पट्टी वाचली. त्यांच्या वाट्याला 'संपत न्हाय' आलं होतं.

असा हा माणूस मिक्सरला कुणाला हात लावू देत नाही. सख्ख्या भावालाही नाही. तरी मागच्या जानेवारीत त्यांनी मला पंधरा दिवसांत साउंड शिकवायचं कबूल केलं. करावंच लागलं. त्यांच्या बायकोची, कुंदावहिनींची, अट होती.

वहिनींचा आवाज गोड, पण वरच्या सुराला जरा उतरतो. त्या जानेवारीच्या दोन वर्षं आधी गावच्या देवळात भजन गाताना तसा उतरला, आणि मिक्सरवर बसलेल्या दादांनी त्यांचा आवाज हळूच खाली घेऊन पेटी वाढवली. कुणाला कळलंही नसतं. पण घरी जेवताना दादांनी स्वतःच मोठेपणाने सांगितलं, "लाज राखली तुझी आज." त्या दिवसापासून वहिनी गायल्या नव्हत्या. देवापुढेही नाही.

आमच्या जेसल पार्कच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असतो आणि संध्याकाळी बायकांचं भजन. बायकांना वहिनीच हव्या होत्या, म्हणून सेक्रेटरी या नात्याने मी विचारायला गेलो. वहिनी चहा गाळत म्हणाल्या, "गाईन. पण हे मिक्सरवर न्हाय पायजेत. समोर नुसते दिसले तरी उठून जाईन."

दादा कोपऱ्यात वायर गुंडाळत होते.

"मग दुसरा साउंडवाला बघू का?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या हातात तिचा आवाज देऊ?" दादा खेकसले. "ग्रॅज्युएट, उद्यापासून गोदामावर ये."

आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. दादांना नेमकी त्याचीच खाज. पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन गेलो तर म्हणाले, "वही ठेव तिकडं. कान आणलेस का?" तीन दिवस मला हात खिशात घालून उभं केलं. गाणं लावायचे, एक बटण फिरवायचे आणि विचारायचे, "काय बदललं?"

"आवाज वाढला."

"वाढला तो म्हशीलाही कळतो. जड झाला का पातळ?"

शिकवणं मात्र पक्कं. अँप्लिफायर कधी चालू करायचा याचा नियम त्यांनी असा दिला: "तो जावई हाय. सगळी तयारी झाल्यावर आणायचा आणि निघताना सगळ्यांच्या आधी वाटेला लावायचा. उलटं केलंस तर धाडकन आवाज होईल, स्पीकर जाईल." एवढं सोपं करून मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही.

आठव्या दिवशी मी माइक थेट स्पीकरसमोर धरला. अशी शिट्टी वाजली की बाहेरची कुत्री उठली.

"बी.कॉम.ला हे न्हवतं का रे?"

माझंही डोकं सटकलं. "दादा, तीस वर्षांत तुम्हाला एका बायकोचा आवाज सांभाळता आला नाही."

दादा स्टुलावर बसले. मला वाटलं, आता हाकलतील. ते शांतपणे म्हणाले, "माझं चुकलं न्हाय. सुटलेला सूर लोकांच्या कानात घालायचा न्हाय, हा आपला धर्म हाय. तिला सांगितलं, ती चूक. तूही तेच करायचं. सूर सुटला की खाली. कुणी का असंना."

सव्वीसला दुपारी दादांनी आमच्या पार्किंगमध्ये स्वतः स्पीकर लावले, वहिनींचा माइक चारदा वर-खाली केला आणि बायका यायच्या आत मीटररूममध्ये जाऊन लपले. दाराची फट सोडून. साठीचा माणूस, विजेच्या मीटरांमध्ये.

वहिनी गायला लागल्या. पहिली दोन कडवी अशी लागली की प्रसादाची रांगसुद्धा थांबली. तिसऱ्यात वरचा सूर आला आणि उतरला. मी शिकवल्याप्रमाणे केलं. त्यांचा चॅनल खाली, पेटी वर. शेजारच्या स्पीकरमधून आपला आवाज गेलेला वहिनींना लगेच कळला. त्यांनी माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलत राहिले, पण चेहरा पार विझला.

मीटररूमचं दार आपटलं. दादा चपलांचा ढीग तुडवत, बसलेल्या बायकांमधून वाट काढत आले, माझ्या खांद्यावरून वाकले आणि वहिनींचा चॅनल होता त्याच्याही वर नेला. बोट त्याच्यावरच ठेवलं.

वहिनींनी त्यांना पाहिलं. आता उठतात, असं मला वाटलं. अख्ख्या पार्किंगला वाटलं असावं. वहिनी उठल्या नाहीत. दादांकडे बघत त्यांनी तीच ओळ पुन्हा धरली, आणि सूर पुन्हा तिथेच उतरला. तो उतरलेला सूर गेटवरच्या वॉचमनपर्यंत स्वच्छ गेला.

"दादा, सूर गेलाय," मी कुजबुजलो.

"ऐकतोय ना," दादा म्हणाले. "दोन वर्षांनी ऐकतोय. तू मध्ये बोलू नको."