नंदूच्या रुमालाखाली

नंदूला काहीही ठरवायचं असलं की तो आधी हातावर रुमाल टाकतो. चहा कोणी पाजायचा, पहिल्या बाकावर कोणी बसायचं, सगळं रुमालाखाली. त्याचे वडील बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाल. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत; कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. "तोंड खोटं बोलतंय, बोटं न्हाई बोलत," हे नंदूचं वेदवाक्य. एकदा बोटं धरली की पुरे. परत विचारणं म्हणजे दलालाची लाज, असंही तो म्हणतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी, नंदू आणि पेठ गावची पल्लवी अशा तिघांनी एक छोटा कोड्यांचा गेम केला. बाजारात दाटीवाटीने उभे असलेले बैल मागेपुढे सरकवायचे आणि पांढऱ्या खोंडाला टेम्पोपर्यंत वाट करून द्यायची. सगळं कोडिंग माझं. चित्रं पल्लवीची. नंदूने फक्त कोडी रचली. हा 'फक्त' माझा. बाकी कोणी तो शब्द वापरत नव्हतं.

नवं कोडं झालं की नंदू मोबाइल कोणाच्याही हातात द्यायचा. "पावणं, जरा बोट लावा." मग स्क्रीनकडे न बघता त्या माणसाच्या कानांकडे बघत बसायचा. "कान लाल झालं, लेव्हल जमली." एकदा मंचरच्या स्टँडवर कंडक्टर बैल सोडवायच्या नादात घंटी मारायचीच विसरला, तर आख्ख्या एसटीने नंदूचं कौतुक केलं. ज्या कोडमुळे ते बैल हलत होते, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मला त्याचा हेवा वाटायचा. चांगलं पोटात दुखायचं. कळंबला आमच्या घरी तो एकदाच जेवायला आला, तर आई अजून भाकरी थापताना विचारते, "नंदू कवा येनार रे?" मी रोज येतो, त्याचं काही नाही.

प्रोजेक्ट तपासायला बाहेरचे सर येणार होते आणि त्यांच्यापुढे एकानेच बोलायचं होतं. जो बोलेल त्याचाच गेम म्हणून ओळखला जाणार, हे उघड होतं. तिघांची मतं घ्यायला नंदूने रुमाल काढला. एक बोट म्हणजे मी, दोन म्हणजे पल्लवी, तीन म्हणजे नंदू. मी बेधडक एक बोट दिलं. मग पल्लवीने हात घातला. नंदूने रुमाल झटकला.

"एक बोट. सौदा जमला. तूच बोल, राव."

मी बोललो. झकास बोललो. सरांनी पाठ थोपटली. बाहेर येताना पल्लवी म्हणाली, "मी तीन बोटं दिली व्हती."

म्हणजे माझ्या बाजूने मी आणि नंदू. मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच जळफळाट झाला. आता काय याच्या मोठेपणाचाही हेवा करत बसायचं?

नंदू जिन्यावर एकटाच बसून गेममधला खोंड टेम्पोत चढवत होता.

"स्वतःला का नाही दिलंस?" मी विचारलं.

"दलालाचं जनावर नसतंय, भाऊ. दुसऱ्याचा सौदा जमवायचा आन् मोकळ्या हातानं घरी जायाचं."

तो हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

मी त्याच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची तीन बोटं घट्ट धरली.

तो म्हणाला, "कळलं न्हाई. परत धर."