अधिक महिन्यात लालवर लाल

सुकलाल आप्पांना शिंक आली आणि हातातला हुकमाचा एक्का खाली पडला. उतारी त्यांचीच होती. टाकायची असणार एखादी फालतू सत्ती, पडला एक्का. आम्ही विरुद्ध बाजूचे, तरी म्हणालो, "अहो आप्पा, उचला तो. शिंकेचं कुणी धरतं का?" आप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं, की जणू आम्ही त्यांना देवळाबाहेरची कुणाची तरी चप्पल उचलायला सांगतोय. मग सावकाश नाक पुसलं आणि म्हणाले, "पान पडनं, व्हई गयं." पडलं, झालं. तो डाव ते हरले आणि वर आम्हालाच चहा पाजला.

आता असल्या माणसाबरोबर पत्ते खेळायचे म्हणजे काय ताप असेल, विचार करा.

सुरतेच्या पांडेसऱ्यात माझं साड्यांच्या लेस-फॉलचं दुकान आहे. दुकानापुढे ओटला, म्हणजे आपला ओटा. सुटीच्या दिवशी दुपारी त्यावर मेंढीकोट बसतो. आप्पा आणि त्यांचे भिडू गुलाबदादा एका बाजूला, मी आणि रिक्षावाला किशोर दुसऱ्या बाजूला. आप्पा आणि दादा दोघं धुळ्याकडच्या एकाच गावचे, एकत्रच सुरतेला आले, एकाच डाइंग मिलमध्ये आयुष्य घालवून आता घरी बसलेत. किशोर जालन्याचा. मी वर्ध्याकडचा, पण इथं मला कुणी वर्धेकर म्हणत नाही, शेठ म्हणतात. दुकान एवढंसं आणि म्हणे शेठ!

मेंढीकोट ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दश्शीला मेंढी म्हणायचं. ज्या बाजूनं जास्त मेंढ्या पकडल्या, डाव तिचा. आणि नियम एकच पक्का: ज्या रंगाची उतारी झाली, त्या रंगाचं पान हातात असेल तर तेच द्यायचं. बदाम आले तर बदाम, चौकट आली तर चौकट. नसेल तरच दुसरं. रंग असून दिला नाही, तर डाव गेला.

हा झाला तुमच्या-आमच्यासारख्यांचा नियम. आप्पांचं कायद्याचं पुस्तक त्यांच्या डोक्यात होतं आणि त्याला शेवटचं पान नव्हतं. पानाची कड ओटल्याला टेकली की ते खेळलं गेलं. मागे घेणं नाही, "चुकून" नाही, "मला वाटलं" नाही. खेळताना खोकायचं नाही, कारण खोकला हा भिडूला इशारा असू शकतो. किशोरला एकदा खरोखरची सर्दी झाली, तर आप्पांनी त्याला बरा होईपर्यंत खेळाबाहेर बसवलं आणि माझ्यासमोर पानवाला आणून बसवला. त्या पानवाल्याला राणी आणि गुलाम यातला फरक कळत नव्हता. पण तो खोकत नव्हता ना!

एकदा बायकोनं आतून हाक मारली म्हणून मी हातातला राजा ओटल्यावर ठेवून उठलो. ठेवला, टाकला नाही! आप्पा म्हणाले, पडला. मी म्हणालो, ठेवला. ते म्हणाले, "पानाला काय माहीत, तू ठेवला का टाकला?" मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते समजलंच नाही, तो भाग वेगळा.

बरं, हे पत्त्यांपुरतं असतं तरी ठीक. आप्पा एकदा चुकीच्या बसमध्ये चढले. जायचं होतं उधन्याला, बस निघाली पुढच्या सचिन गावाला. कंडक्टर म्हणाला, काका, पुढच्या स्टॉपला उतरा. आप्पा म्हणाले, पाय पडला आता, आणि सचिन बघून आले. एका लग्नात तर कहरच केला. शेजारशेजारच्या दोन हॉलमध्ये दोन लग्नं होती. आप्पा भलत्याच हॉलमध्ये शिरले आणि आणलेली स्टीलची घागर भलत्याच नवरीच्या हातात दिली. चूक लक्षात आल्यावर कुणीही हळूच सांगून सुटका करून घेतली असती. आप्पा तिथंच जेवले, अक्षता टाकल्या, नवरीच्या बापाशी शेती-पाण्याच्या गप्पा मारल्या. आज त्या घरच्या बारशाची आमंत्रणं आप्पांना येतात आणि ते जातात.

अशा माणसानं भर दुपारी, आमच्या डोळ्यांदेखत, धडधडीत खोटं बोलावं?

झालं असं. मी बदामाची उतारी केली. गुलाबदादांनी चौकट टाकली. पुढच्याच सरीला, म्हणजे पुढच्या चार पानांत, त्यांच्या हातातून बदाम निघाला. म्हणजे रंग असून दिला नाही! मी तर उडालोच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आप्पांची बाजू आप्पांच्या नियमात सापडली होती. "आप्पा! गेला डाव! बोला आता!"

आप्पांनी दादांकडे पाहिलं. दादा हातातल्या पानांकडे बघत होते, गोंधळून. मग आप्पा घसा खाकरून म्हणाले (खाकरून, हे लक्षात घ्या), "अधिक महिना चालू शे. अधिक महिन्यात लालवर लाल चालतं."

"काय चालतं?"

"लालवर लाल. बदामावर चौकट. जुना नियम आहे. तुमच्या वर्ध्याकडे नसेल."

किशोर म्हणाला, "आमच्या जालन्यात बी नाही बुवा."

"मग शिका," आप्पा म्हणाले आणि सर उचलली.

अधिक महिना कधी संपतो याची मी इतकी वाट जन्मात पाहिली नव्हती. एकदाचा तो संपला. लगेचच्याच सुटीला दादांनी पुन्हा तसंच केलं, चौकटीवर बदाम. मी काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "चहा समोर असताना पडलेलं पान कच्चं असतं. उचल गुलाब." उचल! आप्पांच्या तोंडून हा शब्द! किशोरच्या हातातला कप कलंडला. पुढच्या खेपेला चहा नव्हता, तर ऊन अंगावर आलं होतं म्हणून पान कच्चं. त्याच्या पुढच्या खेपेला काय तर म्हणे दादांनी डाव्या हातानं टाकलं.

आणि आणखी एक नवं सुरू झालं. पत्ते पिसता पिसता आप्पा दादांना मध्येच काहीतरी विचारायचे. "गुलाब, तुमच्या घरच्या बैलजोडीची नावं काय होती रे?" दादा सांगायचे. "आपले शाळेतले मास्तर कुठल्या पायानं लंगडायचे?" दादा म्हणायचे, उजव्या. "तुझ्या लग्नात बुंदी कुणी करपवली?" "तूच करपवली ना!" दादा मग माझ्याकडे वळून हळूच म्हणायचे, "शेठ, सुकलालचं काही बिनसलंय का? म्हातारपणी असं काय काय विचारतो."

माझं डोकं मात्र फिरलं होतं. माझा ठेवलेला राजा पडलेला, आणि यांच्या भिडूची पडलेली पानं कच्ची! हा काय पोरखेळ? एका दुपारी मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच. तेवढ्यात गुलाबदादा गल्लीतून येताना दिसले. शेजारच्या साडीच्या दुकानाबाहेर पुतळा उभा असतो, साडी नेसवलेला. दादा त्याच्यासमोर थांबले, हात जोडले आणि म्हणाले, "राम राम वहिनी. शेठ आहेत ना?"

किशोर फिस्सकन हसला. मीही हसलो. आप्पा हसले नाहीत. माझा दंड धरून मला दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले आणि म्हणाले, "शेठ, हसू नको. तुझ्या पाया पडतो."



"माझा मोठा भाऊ असाच गेला," आप्पा म्हणाले. "आधी पत्त्यांत चुकायला लागला. मग माणसं चुकला. मग एक दिवस आमच्याच घरासमोर उभा राहून विचारत होता, सुकलालचं घर कोणतं. गुलाबचं पण तसंच सुरू झालंय. त्याच्या पोराला कळलं तर संपलं सगळं. पोरगा हजीऱ्याला कंपनीत, सून कामाला. दिवसभर म्हाताऱ्याकडे कोण बघणार? गावी पाठवून देतील चुलत्याकडे. मग मी इथं कोणासाठी राहू? माझं तर कुणी नाही, तुला माहीत आहे." त्यांनी हात जोडले. "तू त्याची चूक धरू नको. तुला पाहिजे तर माझे सगळे डाव घे."

मी बाहेर येऊन पत्ते पिसले आणि वाटले. माझं तोंड बघून बायको दुकानातून म्हणाली, "काय झालं जी? सुतक लागल्यासारखे काहून बसले चौघं?"

मी आत जाऊन तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. पुतळ्याला केलेला राम राम, लालवर लाल, आप्पांचा भाऊ, सगळं. ती ऐकत होती आणि फॉलला टाके घालत होती. मग तिनं विचारलं, "लालवर काळं कधी टाकलं का त्यायनं?"

मी आठवून पाहिलं. नाही. काळं कधीच नाही.

"बाप्पा बाप्पा," ती म्हणाली आणि सुई-दोरा घेऊन तडक ओटल्यावर गेली. "दादा, एवढी सुई ओवून द्या बरं. मले दिसून नाही राहिलं."

दादांनी सुई घेतली. दोऱ्याचं टोक थुंकी लावून वळलं आणि मोठ्या विश्वासानं सुईच्या शेजारून हवेत घातलं. पुन्हा घातलं. पुन्हा हवेतच. "ही सुई बिनभोकाची आहे वहिनी," ते म्हणाले.

बायको आमच्याकडे वळली. "चार बाप्ये दर सुटीले मांडीला मांडी लावून बसता. त्या माणसाले दिसत नाही, हे एकालेही समजलं नाही? बदाम काय न् चौकट काय, त्यायले नुसतं लाल दिसते! डोळे दाखवा त्यायचे आधी, मग नियम काढा!"

आप्पांनी हातातली सगळी पानं ओटल्यावर टाकली. सगळी! उताणी! आणि उठले. "किशोर, रिक्षा काढ."

डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं आणि म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय, इतके दिवस काय करत होतात? आप्पांनी विचारलं, "आणि डोकं?" डॉक्टर म्हणाले, मी डोळ्यांचा आहे. आप्पा म्हणाले, "तरी पण. जाता जाता डोकं पण बघा ना." डॉक्टरांनी दादांना दोन-चार प्रश्न विचारले. दादांनी धडाधड उत्तरं दिली आणि वर त्यांना ऐकवलं, "आमच्या सुकलालचं बघा साहेब, तोच बैलांची नावं विचारत फिरतो." डॉक्टर हसले. म्हणाले, यांचं डोकं ठणठणीत आहे, घेऊन जा. आप्पा बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसले. किशोर पाणी आणायला धावला. "काही नाही रे," आप्पा म्हणाले, "सुटलो. सुटलो रे बाबा." मलाही असं हायसं वाटलं, की जणू छातीवरचं गव्हाचं पोतं कुणी उतरवून घेतलं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दादांना घरी आणायला आम्ही तिघं गेलो. पोरगाही हजीऱ्याहून आला होता, तो औषधं घेऊन पुढे मोटारसायकलवर निघाला. रिक्षात दादा मध्ये, काळा चष्मा लावून. एका बाजूला आप्पा, एका बाजूला मी. दोघं त्यांच्या अहिराणीत बोलत होते. माझ्या मराठीत सांगतो, नाहीतर निम्मं तुमच्या डोक्यावरून जाईल.

दादा म्हणाले, "सुकलाल, अधिक महिन्यात लालवर लाल चालतं, असा नियम नाही."

आप्पा रिक्षाबाहेर बघायला लागले. "तुला माहीत होतं?"

"तुझ्याबरोबर आयुष्यभर खेळलो. मला नियम माहीत नसणार?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलू?" दादा म्हणाले. "जन्मात तू मला एक पान मागे घेऊ दिलं नाहीस. आणि अचानक सोडायला लागलास. आज अधिक महिना, उद्या चहा, परवा ऊन. चुकायची मला भीती नव्हती रे. चुकतो माणूस. पण सुकलालनं सोडलं, म्हणजे माझं नक्की काहीतरी मोठं बिघडलंय, एवढं मी समजलो. रात्र रात्र झोप नव्हती मला. वाटायचं, आता तरी ओरड. एकदा तरी माझ्यावर ओरड."

किशोरनं रिक्षा हळू केली. आप्पांनी गमछा तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आयुष्यभर कुणाला सूट न देणारा तो माणूस, भर रस्त्यात, रिक्षात बसून हमसून हमसून रडत होता. मला तर कुठं बघावं कळेना.

दादांनी चाचपडत त्यांचा हात शोधला आणि धरला. आता त्यांचं वाक्य मात्र त्यांच्याच बोलीत ऐका; त्यात 'मना वाटानं' म्हणजे माझ्या वाट्याचं. "सुकलाल, डॉक्टरनी माले रडाले बंदी करेल शे," ते म्हणाले. "मना वाटानं बी तूच रडी ले."