मयताची घंटा आणि एक शिंक

सहा वर्षं बोगोटातल्या एका मोठ्या बँकेत मी प्रोग्राम लिहीत होते. त्यामुळे जगातला कुठलाही धंदा आपण आठवड्याभरात वळणावर आणू शकतो, अशी माझी खात्री होती. तिथे तीनशे माणसं एकाच प्रोग्राममध्ये हात घालायची, तरी कुणाचं काम कुणाच्या पायदळी यायचं नाही. इथे तुन्हा शहरात, पुलिदोंच्या दुकानात, आम्ही तिघंच. तिघांना वळण लावायला असा कितीसा वेळ लागणार?

आमचे मालक एलिएसेर पुलिदो. त्यांचे आजोबा चर्चच्या घंटा ओतायचे, वडील त्या दुरुस्त करायचे, आणि मालक त्या घंटा आपोआप वाजवणाऱ्या पेट्या बसवतात. मनोऱ्यात पावाच्या डब्याएवढी पेटी, तिच्यात छोटा संगणक, त्याला जोडलेला हातोडा. आसपासच्या डोंगरांतल्या एकतीस गावांत आमच्या पेट्या आहेत. पहाटेची प्रार्थना, दुपारचे बारा, रविवारची मिस्सा, सगळं पेटी सांभाळते.

या सगळ्याचा प्रोग्राम मात्र मिसाएल चापारोच्या लॅपटॉपवर. मिसाएल म्हणजे आमचा तंत्रज्ञ: जीप घेऊन गावोगाव फिरणार, मनोऱ्यावर चढणार, पेटीला लॅपटॉप जोडणार आणि गावकरी म्हणतील तसा प्रोग्राम बदलून येणार. त्याच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरांची नावं मी पहिल्याच दिवशी वाचली. 'शेवटचा', 'अगदी शेवटचा', 'हाच खरा' आणि 'याला हात लावू नये'.

"यातला चालू कुठला?" मी विचारलं.

"ते गावावर आहे, यानेथताई," तो शांतपणे म्हणाला.

फेब्रुवारीत एका गाईनं त्या लॅपटॉपवर पाय ठेवला. मिसाएलनं तो गवतावर का ठेवला होता हे आजवर कळलेलं नाही. 'हाच खरा' कायमचा गेला, आणि दोन गावांत ईस्टरआधीचा पवित्र आठवडाभर दुपारचे बारा सव्वाअकराला वाजले. मी संधी साधली आणि मालकांसमोर खुर्ची ओढून बसले.

"आपण कोड होस्टिंगची सेवा घेऊ," मी म्हटलं. "प्रोग्राम कुणाच्याच लॅपटॉपवर राहणार नाही. एका जागी, इंटरनेटवर. तिघंही तिथेच काम करायचं. कुणी, कधी, काय बदललं त्याची नोंद राहते. चुकलं तर कालच्या प्रोग्रामवर परत जाता येतं."

मालकांनी गुळाच्या गरम पाण्यात चीजचा तुकडा बुडवला. "कुठले कुठले धंदे वापरतात हे?"

"बँका. विमान कंपन्या. इस्पितळं. विद्यापीठं. गेम बनवणारे. जिथे एकाहून जास्त माणसं एकाच गोष्टीला हात लावतात आणि चूक महागात पडते, ते सगळे."

"आणि घंटावाले?"

"घंटावाल्यांत आपण पहिले असू."

हे वाक्य त्यांना आवडलं. त्यांनी चीज गिळलं आणि विचारलं, "कुणी बदललं ते नावानिशी दिसतं?"

"नावानिशी."

"मग मिसाएल नाही म्हणेल."

पण मिसाएल नाही म्हणाला नाही. उलट, दर बदलाला मनोऱ्यावर चढावं लागणार नाही हे ऐकून त्यानं माझ्यासाठी घरून केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल आणले. मी प्रत्येक पेटीत मोबाइलचं सिम बसवायला लावलं. रोज पहाटे पाचला पेटी इंटरनेटवरून नवा प्रोग्राम आपणहून उतरवून घ्यायची. शिवाय एक नियम केला: कुणाचाही बदल दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. बँकेत असंच होतं. तीन महिने सगळीकडे बारा बाराला वाजले, आणि मी दुकानात जरा मान ताठ ठेवून वावरू लागले.

ऑगस्टमध्ये सांता रीता या गावचे फादर अब्देनागो दुकानात आले. सोबत एक वाळकेसे आजोबा, खांद्यावर लोकरीचा रुआना. हे आर्हेमिरो आजोबा. बावन्न वर्षं सांता रीतात मयताची घंटा हातानं वाजवत होते. आता हात थरथरत होते, दोरी धरवत नव्हती. येत्या शनिवारी मुलगी त्यांना कायमचं आपल्याकडे, खाली व्हिलाविसेन्सिओला घेऊन जाणार होती.

"यांच्यासारखी मयताची घंटा कुणाला जमत नाही," फादर म्हणाले. "गावाचं म्हणणं आहे, ती पेटीत घालून ठेवा."

आजोबा संकोचून म्हणाले, "त्यात काही विशेष नाही. माणूस गेला ते सांगायचं, पण ऐकणाऱ्याला दचकवायचं नाही, एवढंच."

आम्ही त्यांना मालकांच्या टेबलाशी बसवलं. त्यांनी डोळे मिटले आणि चमच्यानं कपाच्या कडेवर वीस ठोके दिले. मी फोनवर ते टिपून घेतले, दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलं. चमचा थांबला तेव्हा मालक खिडकीबाहेर बघत होते. त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

ठरलं असं: गुरुवारी सकाळी अकराला सांता रीतात चाचणी. आजोबा चौकातल्या बाकावर बसून ऐकतील. त्यांच्या रीतीप्रमाणे मयताची घंटा दर तासाला वाजायची, संध्याकाळी सहापर्यंत. तेही मी घातलं.

आता चूक सांगते. आमच्या प्रोग्रामचे दोन भाग आहेत. प्रत्येक गावाचा स्वतःचा एक, आणि सगळ्या गावांना लागू होणारा एक. बुधवारी मला दातांच्या डॉक्टरकडे जायची घाई होती, आणि मी आजोबांची घंटा दुसऱ्या भागात ठेवली.

नियमानं मिसाएलनं ती वाचायला हवी होती. तो तेव्हा एका घाटात, मेंढ्यांच्या कळपामागे अडकला होता. त्यानं फोन काढला, अंगठ्यानं मंजूर केलं आणि खाली शेरा लिहिला: 'मस्त.'

गुरुवारी अकरा वाजता आम्ही तिघं दुकानात फादरांच्या फोनची वाट बघत बसलो होतो. अकरा वाजून सात मिनिटांनी फोन आला. तो फादरांचा नव्हता.

"कोण गेलं?" एका बाईंनी विचारलं.

"कुठे?"

"ते मला कसं माहीत? घंटा तुमची वाजतेय."

मी फोन ठेवला तोच दुसरा वाजला, मग मालकांचा, मग मिसाएलचा. तीस गावांत एकाच वेळी मयताची घंटा वाजली होती, आणि प्रत्येक गावानं आपापला मेलेला शोधून काढला होता. एका गावानं आजारी नगराध्यक्षांच्या दाराशी फुलं ठेवली. नगराध्यक्ष दार उघडून त्यांवरच अडखळले. एका गावात शाळा सोडून दिली. तिसऱ्या गावानं शेजारच्या गावाची घंटा ऐकली, चौथ्याची ऐकली, आणि एवढ्या ठिकाणी वाजतेय म्हणजे बिशपच गेले असा निष्कर्ष काढला.

"परत जाता येतं म्हणाली होतीस ना?" मालकांनी विचारलं. "कालच्यावर?"

"एका मिनिटात," मी म्हटलं आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली: कालचा प्रोग्राम परत जागेवर. मी विजयानं वळले.

मिसाएल हळूच म्हणाला, "पण ताई, पेट्या नवा प्रोग्राम घेतात पहाटे पाचला."

मी घड्याळाकडे पाहिलं. पुढचे ठोके बाराला होते.

मग आम्ही तिघांनी मिळून तीस चर्चना फोन लावले. मनोऱ्यावर चढा आणि पेटीचा खटका बंद करा, एवढंच सांगायचं होतं. पण एवढंच कुणी ऐकून घेईना.

"बंद करतो, पण आधी सांगा, गेलं कोण?" एका चर्चचे सेवक विचारत होते.

"कुणीही नाही. चूक झाली."

"चुकीसाठी अशी घंटा वाजत नाही, बाई. मी ऐकलीय. ही कुणातरी भल्या माणसासाठी वाजतेय."

"अहो, खरंच कुणी गेलेलं नाही."

"दफनाआधी बंद करणं मला बरं वाटत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या गावात ती सहापर्यंत वाजत राहिली.

या गोंधळात फादर अब्देनागोंचा फोन आला तेव्हा पावणेबारा झाले होते.

"आम्ही कधीचे बसलोय," ते म्हणाले. "आर्हेमिरोंना थंडी वाजतेय. घंटा वाजवणार आहात की नाही?"

सांता रीतात पहाटे रेंज नव्हती. एकतीस पेट्यांमधली ती एकटी पेटी नवा प्रोग्राम घ्यायचा राहिली होती.

दुपारी बिशपांच्या कार्यालयातून बोलावणं आलं. मी बदलाच्या नोंदी छापून घेतल्या. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: बदल करणार, यानेथ तिबादुइसा. मंजूर करणार, मिसाएल चापारो. शेरा, 'मस्त'. कागद मालकांच्या हातात दिला आणि म्हटलं, "माझं नाव आहे. मीच जाते. उद्यापासून येत नाही."

मालकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "यात माझं नाव कुठेय?"

"तुम्ही काही केलंच नाहीत."

"दाराच्या पाटीवर आहे ना." त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि टोपी घेऊन एकटेच गेले.

दोन तासांनी परत आले. बिशप जिवंत आहेत, हे त्यांनी आधी सांगितलं. बिशपांचे चिटणीस बरंच रागावले होते, सगळी कंत्राटं काढून घेण्यापर्यंत बोलणं गेलं होतं. मग एका गावच्या फादरांचा तिथे फोन आला. त्या गावात ओर्दुस आडनावाचे दोन भाऊ आहेत, पाण्याच्या पाटावरून अकरा वर्षं अबोला. घंटा ऐकली आणि दोघांनाही वाटलं, दुसराच गेला. दोघं काळे कपडे घालून एकमेकांच्या घराकडे निघाले आणि पुलावर समोरासमोर आले.

"मग? गळ्यात पडले?" मिसाएलनं विचारलं.

"छे. धाकटा म्हणाला, 'तू नाहीस तर मग कोण?' थोरला म्हणाला, 'मलाही तेच कळेना.' आणि दोघं मिळून चौकशीला चर्चमध्ये गेले." मालक खुर्चीत बसले. "चिटणीसांनी तंबी देऊन सोडलं. आता तू उद्या सांता रीताला जा. तो म्हातारा शनिवारी निघतोय."

शुक्रवारी मिसाएल आणि मी जीपनं गेलो. मिसाएल मनोऱ्यावर चढला आणि जुन्या पद्धतीनं, तारेनं लॅपटॉप जोडला. मी आजोबांशेजारी बाकावर बसले. चौकात बरीच माणसं जमली होती, कुणीही मेलेलं नसताना.

घंटा वाजू लागली. आजोबांनी डोळे मिटले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि प्रत्येक ठोक्याला बोटं दोरी धरल्यासारखी किंचित वळत होती. सातव्या ठोक्यानंतर त्यांनी एक डोळा उघडला. वीस संपल्यावर ते माझ्याकडे वळले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण सातव्यानंतर एवढा वेळ कशाला?"

"तुम्हीच थांबला होतात, आजोबा. मी बरोबर मोजलंय."

"मला शिंक आली होती, बाई. ती दाबत होतो."

मी तिथेच, मांडीवर लॅपटॉप घेऊन, शिंक काढून टाकली. मिसाएलनं या वेळी वरून उतरून, चष्मा लावून, प्रत्येक आकडा वाचून मंजूर केलं आणि तो पेटीत घालायला पुन्हा वर चढला. घंटा पुन्हा वाजली. आजोबांनी माझा हात दोन्ही थरथरत्या हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत चोवीस गावांनी कळवलं की गुरुवारची ती मयताची घंटा आम्हालाही कायमची हवी. उरलेल्या गावांचीही संमती घेऊन, सगळ्यांना लागू होणाऱ्या भागात ठेवून, आम्ही ती रीतसर दिली. मग तक्रारी सुरू झाल्या. घंटा तीच आहे, पण मधली ती शांतता कुठे गेली? एका फादरांनी लिहिलं की त्या शांततेत त्यांच्या गावातल्या माणसांना आपापली गेलेली माणसं आठवली होती.

मी व्हिलाविसेन्सिओला फोन लावून आजोबांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की मुलीनं फोन हातात घेऊन मला विचारलं, काय झालं म्हणून.

"घाला परत," मागून ते ओरडून म्हणाले. "पण तिथे माझं नाव लिहू नका."

नाव लिहायची गरज नव्हती. पण बदल जमा करताना पडद्यावरच्या एका चौकटीत त्याचं कारण लिहावंच लागतं; ती चौकट रिकामी ठेवली तर पुढे जाताच येत नाही, आणि लिहिलेलं कधी पुसलंही जात नाही. मी अर्धा तास त्या चौकटीसमोर बसले होते. बँकेत सहा वर्षं मी तिथे फार भारदस्त कारणं लिहीत आले होते.

शेवटी लिहिलं: 'लोकाग्रहास्तव शिंक परत आणली.'