रिंगखालची जागा

सावरबांधे मास्तर ट्रक ड्रायव्हरला आधी खाली उतरवत आणि मग बिल्टी मागत. बसलेल्या माणसाची उंची कळत नाही, एवढंच त्याचं कारण. शहराबाहेर, वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात ते कारकून होते. ड्रायव्हर उतरला की त्यांची नजर त्याच्या पायांपासून वर सरकत जाई. मान बरीच मागे गेली तर विचारत, "बॉल खेलते क्या?" लुधियानाहून माल घेऊन आलेला माणूस यावर घाईने बिल्टीचा कागद पुढे करी.

मास्तर स्वतः जेमतेम सव्वापाच फूट. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. ही पदवी त्यांना बास्केटबॉलने दिली होती. आमच्या वस्तीतल्या मुरमाच्या मैदानावर ते रोज संध्याकाळी एक संघ खेळवत. मी त्यांच्या शेजारी राहत होतो आणि एका वर्तमानपत्रात गावातल्या सामन्यांच्या बातम्या देत होतो. त्यामुळे त्यांचं बोलणं मला दोन्ही नात्यांनी ऐकावं लागे.

बोलणं एकच होतं. सत्तरच्या दशकातल्या त्या दिवसांत आमच्याकडे उंच खेळाडूचं काम ठरलेलं असे. रिंगखाली उभं राहायचं, हात वर करायचे, हुकलेला बॉल पकडायचा आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचा. मास्तरांना हे पाहवत नसे.

"उंच माणसाले सारं मैदान दिसते," ते म्हणत. "ज्याले दिसते त्याच्या हाती बॉल पाहिजे. अन् तुमी त्याले खंबा करून ठेवता!"

त्यांच्या संघात उंच माणूस बाहेर येऊन बॉल खेळवी आणि चार ठेंगणे रिंगकडे पळत सुटत. त्यांतला सलीम धंद्याने टेलर, उंचीने मास्तरांएवढाच. तो पिळदार अंगाच्या माणसांत घुसून बाहेर यायचा, तेव्हा त्याच्या बनियनची शिवण त्यालाच पुन्हा घालावी लागे. "खंबा नोको होऊ गा!" ही मास्तरांची आरोळी ऐकू आली की आमच्या गल्लीत बायका दिवे लावायला उठत.

हे तत्त्व मैदानापुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. वस्तीतले एक वृद्ध गृहस्थ वारले. तिरडीला एक खांदेकरी फार उंच लागला आणि ती एका बाजूला कलली. मास्तर गर्दीतून पुढे आले. "चौघं सारखे पाहिजेत. लंबू, तू निघ. तुले समोरचं दिसते, तू रस्ता मोकळा कर." लंबू हा मयताचा जावई होता. तो रागावला, पण निघाला. तिरडी घाटापर्यंत समतोल गेली. तेव्हापासून वस्तीत कोणी गेलं की मास्तरांना बोलावणं येऊ लागलं. ते खेळाडूंचं पाहावं तसं खांदेकऱ्यांचं माप नजरेने घेत.

दर वर्ष-दोन वर्षांनी त्यांना एक उंच मुलगा सापडे. मास्तर त्याला वाकून बॉल खेळवायला शिकवत. तो तयार झाला की कुठलं तरी सरकारी खातं किंवा कारखाना त्याला नोकरी देई आणि रिंगखाली उभा करी. मग मास्तर पुन्हा ट्रकवाल्यांकडे पाहू लागत. अलीकडे ते हे सगळं थकल्यासारखं करत. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी शांताबाई म्हणत, "लोकाच्या घरी पाळणा हलते, आमच्या घरी सहा फुटाचा येऊन बसते अन् सरळ बारा पोळ्या मागते."

शेवटचा केशव. खाप्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, मॅट्रिक झालेला. कामाच्या शोधात आला आणि दोन वर्षं मास्तरांकडे राहिला. मास्तरांनी त्याला शनिवारच्या गर्दीत बर्डीच्या बाजारातून बॉल आपटत पाठवलं होतं. "कोनाले धक्का लागला तं परत सुरुवातीपासून." तिसऱ्या फेरीला पोलिसाने बॉल जप्त केला. केशवला मात्र मैदान दिसू लागलं होतं, नोकरी तेवढी दिसत नव्हती. घरून निरोप येत होते: काम नसेल तर परत ये. शांताबाई निरोप आणणाऱ्याला चहा देत आणि केशवला ऐकू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरातच बोलत.

त्या हिवाळ्यात हिंगण्याच्या एका कारखान्याच्या संघाशी सामना ठरला. कारखान्याचा मॅनेजर स्वतः येणार होता. त्याला उंच खेळाडू हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी मास्तरांच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसलो.

पहिला डाव मास्तरांनी म्हटलं तसा झाला. केशव बाहेरून बॉल खेळवत होता, ठेंगणे चौघं पळत होते, आणि कारखान्याचे धिप्पाड खेळाडू बॉल कुठे आहे ते शोधत होते. आम्ही चांगलेच पुढे होतो. एवढ्या वर्षांत मास्तरांचं म्हणणं इतकं स्वच्छ खरं ठरताना कोणी पाहिलं नव्हतं.

मध्यंतराला पांढऱ्या शर्टातला मॅनेजर शेजारच्याला म्हणाला, "वो लंबा लड़का नीचे क्यों नहीं जाता? डरता है क्या?"

मास्तरांनी ते ऐकलं. चष्मा पुसला. मग केशवला बोलावलं.

"रिंगखाली जा. हात वर करून उभा राह्य."

"मास्तर? काहून? आपन तं जिंकून राहिलो ना."

"जा म्हणतो ना."

"तुमीच तं म्हणता, खंबा नोको..."

"आज नाही म्हणून राहिलो. तो पांढऱ्या शर्टवाला तुले पाहून राहिला. त्याले जे पाह्यचं हाये ते दाखव."

केशव रिंगखाली गेला. त्याने हुकलेला एकही बॉल दुसऱ्याला घेऊ दिला नाही. बाहेर मात्र बॉल खेळवायला कोणी नव्हतं. सलीम आणि बाकीचे एकमेकांवर आदळत राहिले. आम्ही थोडक्यात हरलो. मॅनेजर उठून केशवपाशी गेला आणि सोमवारी हिंगण्याला ये म्हणाला.

"शेवटी खंबाच कामी आला ना, मास्तर?" पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं.

"आला ना, बाबू," मास्तर म्हणाले.

बातमीसाठी मी त्यांना विचारलं.

"पहिला डाव लिहू नोका," ते म्हणाले. "दुसराच लिहा. कंपनीतले लोक वाचतीन."

सोमवारी केशव कंपनीच्या बसने गेला. त्याच आठवड्यात त्याला तिकडे खोली मिळाली, तेव्हा तो सामान घेऊन कायमचा निघाला. शांताबाईंनी त्याच्यासोबत लोणच्याची बरणी दिली आणि बस वळेपर्यंत, बरणी सरळ धर, सरळ धर, असं ओरडत राहिल्या.

त्या संध्याकाळी मास्तर माझ्या ओट्यावर येऊन बसले. मैदानात पोरं जमली होती, पण ते उठले नाहीत.

"दुसऱ्या डावात तो एकदा बाहेर आला होता," ते म्हणाले. "पाह्यलं का तुमी?"

मी पाहिलं नव्हतं.

"एकदाच. बॉल घेतला, इकडे पाह्यलं अन् तिकडे पास देला. असा." त्यांनी रिकाम्या हाताने दाखवलं. "सलीमले समजलाच नाही. बॉल बाहेर गेला. मॅनेजर तवा चहा पिऊन राहिला होता. त्यानंही नाही पाह्यलं. बरं झालं."

त्यांनी तो हात मांडीवर ठेवला.

"मी तं पाह्यलं," ते म्हणाले.