कानबाईच्या साडीवरची बदकं

सुरतेच्या उधन्यातल्या योगराजचं एम्ब्रॉयडरी मशीन फक्त फ्लॉपी खायचं. बाजारात पेन ड्राईव्ह येऊन जमाना झाला, पण मशीनच्या ते गावीही नव्हतं. एरवी चालून जायचं. पण त्याच्या बायकोने, भागीरथीने, सगळ्या खानदेशी गल्लीला सांगून ठेवलं होतं की यंदा रविवारी बसणाऱ्या कानबाई देवीची साडी आमच्या मशीनवरची. नारळ आणि कळसाचं डिझाइन पर्वत पाटियाच्या धर्मेंद्रने कॉम्प्युटरवर बनवलंही.

"लो काका, पेन ड्राईव्ह."

"मशीनले फ्लॉपी लागते, भाऊ."

"आजकाल फ्लॉपी कोण वापरतं, काका? तुमचं मशीन म्युझियममध्ये द्या."

योगराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन अजून एक टाका चुकत नव्हतं आणि हा कालचा पोरगा त्याला म्युझियम दाखवत होता. तणतणत तो कतारगामला जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या लक्ष्मणकडे गेला. लक्ष्मणच्या जुन्या कॉम्प्युटरला फ्लॉपीचं तोंड होतं, पण पेन ड्राईव्हचं नव्हतं. शेवटी त्याने वायरने जोडायची एक फ्लॉपी ड्राईव्ह आणि अख्ख्या दुकानातली एकुलती एक धड फ्लॉपी दिली. ती घेऊन पुन्हा पर्वत पाटिया. डिझाइन भरून उधन्याला आणलं, तर मशीन म्हणे, ही फ्लॉपी माझ्या पद्धतीची नाही. मग ती मशीनमध्येच कोरी केली आणि तिसऱ्यांदा पर्वत पाटिया गाठलं.

"दोन कॉम्प्युटर एकमेकांशी धड बोलत नाहीत, आणि म्हणे जग जवळ आलं," योगराज रिक्षावाल्यावरच खेकसला.

शनिवारी दुपारी भरलेली फ्लॉपी घरी ठेवून तो जेवला. हात धुऊन बघतो तर फ्लॉपी देव्हाऱ्यात. वर हळद, कुंकू, एक फूल आणि तांब्यातलं पाणी.

"काय करं वं हाई?" तो बायकोवर ओरडला.

"देवी शे त्यामा. पूजा करी, काय बिघडनं?"

बरंच बिघडलं होतं. मशीनने फ्लॉपी वाचायला साफ नकार दिला. दुसरी फ्लॉपी नव्हती आणि वेळही नव्हता. मशीनच्या पोटात एकच डिझाइन शिल्लक होतं, लहान मुलींच्या फ्रॉकवरच्या बदकांचं. भागीरथीच्या डोळ्यांत पाणी आलं. योगराजने दात ओठ खात बटण दाबलं.

रविवारी मंडळाच्या सरलाबाईंनी चष्मा लावून देवीच्या साडीचा काठ न्याहाळला. भागीरथी खांबाआड उभी होती.

"बदकं?" सरलाबाईंनी काठावरून बोट फिरवलं. "गावाकडे यंदा पाऊस नाही. बदकं म्हणजे पाणी. देवीआईनेच सुचवलं गं तुला."

बायकांनी हात जोडले. योगराजचा मात्र संताप झाला. तीन दिवस वणवण त्याने केली आणि श्रेय बदकांना.

सोमवारी विसर्जन उरकतं न उरकतं तोच धर्मेंद्रचा फोन आला. "काका, चार गल्ल्या पुढच्या वर्षासाठी आत्तापासूनच बदकं मागतायत. पेन ड्राईव्ह घेऊन येतो, डिझाइन द्या ना."

योगराज खुर्चीत ऐसपैस बसला.

"पेन ड्राईव्ह नको. फ्लॉपी आण."

"फ्लॉपी कुठे मिळणार, काका?"

"कतारगामले विचार. आणि मिळाली की सरळ कारखान्यात आण. आमच्या घरी देऊ नको. तिथे तिची पूजा होते."