'करमत नाही' नावाची वस्ती

२०१३ साली वडवणीकडच्या आमच्या सहकारी दूध संस्थेत संगणक आला आणि तो सगळ्यांत आधी शिकले मी! वय अठ्ठावन्न! संचालक मंडळी माऊसला बोट लावायला घाबरायची, जणू विंचूच!

दुष्काळामुळे संस्थेने जनावरांची छावणी काढली होती. तिथल्या टँकरची मागणी रोज मी लिहायची, आता ती संगणकावर; त्याच यादीवरून टँकर गावोगाव फिरायचा. संगणक बसवणारा उत्तरेश्वर म्हणाला, "काकू, ही पुढं दिसती ती स्क्रिप्ट. ती मागं चालणाऱ्या, याद्या ठेवणाऱ्या डेटाबेसच्या प्रोसेसला निरोप देती. तो तुमाला दिसणार न्हाई, पण दिवसभर जागा असतो. निरोप पोचला की तोच मजकूर परत धाडतो. बघा, काहीबी लिहून!"

मी लिहिलं, "जेवलात का?"

लगेच उत्तर, "जेवलात का?"

हे गेल्यापासून चार वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं! विचारल्यावर सांगायला नको? "हो. पिठलं-भाकरी." तिकडूनही, "हो. पिठलं-भाकरी." त्याच्याही घरी तेच!

तिसऱ्या दिवशी तर गप्पा अशा रंगल्या की छावणीची मागणी लिहायला साडेदहा वाजले. आणि टँकर आलाच नाही! दोनशे जनावरं कोरड्या हौदाशी उभी. दुपारी छावणीतली मनकर्णा पदर खोचून दारात. "बाई, माझी म्हैस बसली, उठंना! पाणी कुटं हाय?"

तेवढ्यात टँकरवाल्या भीमाशंकरचा फोन. अध्यक्ष अर्जुनरावांनी तो स्पीकरवर लावला.

"साहेब, यादीत छावणी सदतिसावी हाय! आधी 'जेवलात का', मग 'पिठलं-भाकरी'. सकाळधरनं लई फिरलो. ही 'करमत नाही' वस्ती कुटं आली?"

माझा प्रत्येक निरोप त्या प्रोसेसने वस्तीच्या रकान्यात मांडला होता. अगदी ओळीने!

ऑफिसात दहा माणसं. एकही हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"आधी छावणीवर ये," अर्जुनराव फोनमध्ये एवढंच म्हणाले.

मनकर्णाने खोचलेला पदर सोडला. "मशिनीला कशाला सांगता, बाई? आमी मेलो का?"

चारला टँकर आला. म्हैस उठली.

उत्तरेश्वर पुढे हैदराबादला गेला. अर्जुनराव पुढची निवडणूक हरले, भीमाशंकरने टँकर विकून गेवराईला हॉटेल टाकलं. संस्था बंद पडली. मनकर्णा मात्र अकरा वर्षं रोज दुपारी माझ्याकडे यायची आणि मला एक वाक्य पुरं करू द्यायची नाही! गेल्या माघात ती गेली.

आता माझी सगळी वाक्यं पुरी होतात.