उलटे चालणारे रशीदमास्तर

रशीदमास्तर उलटे चालतात. रोज नव्हे, आमच्या जत्रेच्या मिरवणुकीत. जत्रा ऐन वैशाखात असते आणि पालखीपुढे वाजायला भोकरदनहून मास्तरांचा बँड येतो. गळ्यापर्यंत बटणं लावलेला लाल कोट, हातात क्लॅरिनेट, तोंड बँडकडे आणि पाठ रस्त्याकडे. वेशीपासून देवळापर्यंत हा माणूस असाच मागे मागे सरकत जातो. गटार आलं की ओरडायचं काम आमचं.

"मास्तर, सरळ चाला की!" मी दरवर्षी चिडून म्हणतो.

"बिलकुल न्हाई, गुरुजी. बँडकडं पाठ केली की सूर पळतो."

दुसरा हट्ट म्हणजे मध्ये थांबायचं नाही. एकदा ढोलवाल्याला उन्हाने भोवळ आली, तर मास्तरांनी वाजवता वाजवताच त्याला कोपराने रसवंतीत ढकललं. बँड गप्प होतो तो फक्त मयत झालेल्या घरासमोर. गावाची तशी रीतच आहे.

यंदा तर कमिटीतल्या पोरांनी बजावलं होतं, "मास्तर, मधी थांबलात तं पुढच्या साली डीजे." अख्ख्या बँडाच्या पोटाचा प्रश्न होता. मास्तर म्हणाले, "बराबर."

आणि सोजरमावशीचं दार मागे पडताच बँड थांबला.

मी हबकलोच. मावशी महिनाभर अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे ती गेली याबद्दल कुणाला शंकाच उरली नाही. पालखीवाल्यांनी टोप्या काढल्या, बायकांनी गळा काढला. दरवर्षी प्रत्येक दारात पालखीवाल्यांच्या भाजलेल्या पायांवर पाणी घालतात. मावशी तेवढी बँडवाल्यांच्या बुटांवरही तांब्या ओतायची. मग देवळापर्यंत मास्तरांचे बूट चपकचपक वाजत राहायचे. अशी बाई गेली म्हणून मीही डोळे पुसत आत शिरलो.

आत मावशी खाटेवर उशीला टेकून चांगली जिवंत! खाली मास्तर बसलेले, एक पाय परातीत. तिच्या थरथरत्या हातातल्या तांब्याचं पाणी पायावर कमी आणि लाल कोटावर जास्त पडत होतं.

"अहो मास्तर, बाहेर रडारड सुरू झाली! बँड का थांबवला?"

"दार मागं पडलं तवा दिसलं, मावशी दारात न्हाई. मंग पायच उचलंना, गुरुजी." "अम्मी गेल्यापासून, पाय भाजले का म्हनून इचारनारं हे एकच दार हाये. लावा तुमचा डीजे. पानी तेवढं पुरं होऊ द्या."



बाहेरचं रडणं आता मावशीच्या कानावर आलं. "कोन गेलं रे, रशीद?"

"कोनीच न्हाई, मावशी."

"मंग दुसरा पाय दे."

मास्तरांनी दुसरा मोजा काढला. दारात सगळा बँड वाद्यं धरून उभा होता, आणि मास्तर त्याच्याकडे पाठ करून बसले होते.